पत्रकार व्हायचंय? तयारी कॉलेजच्या आधीच सुरू करूया



"सर, मला पत्रकार व्हायचंय. दहावीनंतर कुठली साइड घेऊ?"

निकालाच्या आसपास हा प्रश्न घेऊन एखादा तरी विद्यार्थी येतोच. मागे उभ्या असलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावर दुसराच प्रश्न असतो, "यात पोट भरतं का हो सर?" बरीच वर्षं मी दोघांनाही एकच उत्तर द्यायचो, "आधी बारावी तर होऊ दे, मग बघू." आज वाटतं, ते उत्तर चुकीचं होतं. डॉक्टर व्हायचं असेल तर मुलाला घरी ऑपरेशनचा सराव करता येत नाही. पत्रकारितेचं तसं नाही. तिची निम्मी तयारी आठवी-नववीपासून, घरी बसून, फारसा खर्च न करता होऊ शकते. ती कशी करायची आणि आपण मोठ्यांनी त्यात नेमकं काय करायचं, यासाठी हा लेख.

थोडा इतिहास आठवूया. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' सुरू केलं. तेव्हा ते जेमतेम विशीचे होते आणि पत्रकारितेचं कॉलेज नावाची गोष्ट इथे नव्हती. त्याच दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले! मुकुंदराव पाटलांनी 1910 साली सुरू केलेलं 'दीनमित्र' तर नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षं निघत होतं. त्यामुळे "आमच्या गावात काय बातमी असणार?" असं मुलांनी म्हटलं की मी त्यांना तरवडीची आठवण करून देतो.

परीक्षेतली बातमी आणि खरी बातमी

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमीलेखन आहे. बारावीला मुलाखत, अहवाल, वृत्तलेख आहेत. चांगली गोष्ट आहे. पण आपण वर्गात काय करतो ते प्रामाणिकपणे आठवून बघा. प्रश्नपत्रिकेत एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका दिलेली असते. त्यावरून मूल बातमी तयार करतं. शीर्षक, 'आमच्या वार्ताहराकडून', स्थळ, दिनांक, मग "कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला, मान्यवरांनी मोलाचे मार्गदर्शन केले." झाले गुण!

परीक्षेपुरतं ते ठीक आहे, मांडणी समजते. पण त्यातून मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते : बातमी म्हणजे टेबलावर बसून रचायची गोष्ट. खरी बातमी मिळवावी लागते. उठून जावं लागतं, बघावं लागतं, विचारावं लागतं. आणि मिळालेलं खरं आहे का, ते पुन्हा तपासावं लागतं. मुलाने कॉलेजात जाण्याआधी शिकायची पहिली गोष्ट लेखन नव्हे, ही तपासण्याची सवय आहे. भाषा मागाहून सुधारते. ही सवय मात्र लवकर लागली नाही तर पुढे फार जड जातं.

हे मला कसं कळलं? चूक करूनच कळलं.

एक चूक, जी माझीही होती

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मुलं दर पंधरा दिवसांनी भित्तीपत्रक काढायची. दोन कार्डशीट, स्केचपेन, आणि व्हरांड्यात दोन खिळे. नववीतल्या एका हुशार मुलीने बातमी आणली, "गावची पाण्याची टाकी सहा महिने धुतलीच नाही, नळाला गढूळ पाणी." तिने चार बायकांना विचारलं होतं. चौघींनी तेच सांगितलं. मी बातमी वाचली, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, 'छान' असा शेरा दिला आणि कागद भिंतीवर गेला.

शाळेत पालकांची सभा होती, त्यामुळे बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी गावात पाणी सोडणारे काका शाळेत आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, टाकीपर्यंत चला जरा." आम्ही तिघं गेलो. ते, मी आणि ती मुलगी. टाकीच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसत नाही अशा जागी, ऑइलपेंटने लिहिलं होतं : टाकी धुतल्याचा दिनांक, पुढील टाकी धुण्याचा दिनांक. टाकी धुऊन बारा दिवस झाले होते. काका म्हणाले, "उन्हात आत उतरून घासलीय मी. घरी पोरगा विचारतोय, बाबा तुमच्याबद्दल शाळेत काय लिहिलंय?"

ती मुलगी रडली. मला तर कुठे बघावं कळेना. कारण चूक तिची कमी आणि माझी जास्त होती. "टाकी बघितलीस का?" हा एक प्रश्न मी तिला विचारला नव्हता. "काकांना विचारलंस का?" हा दुसरा. मी फक्त वेलांट्या बघितल्या.

नंतर तिने त्या चार बायकांना पुन्हा विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" चौघींनीही एकाच शेजारणीचं नाव घेतलं. म्हणजे साक्षीदार चार नव्हतेच. एकच ऐकीव गोष्ट चार तोंडांनी आली होती. हा धडा मी आजही प्रत्येक वर्गात सांगतो.

पुढच्या भित्तीपत्रकात तिने दुरुस्ती छापली. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाही. पहिली बातमी जिथे होती तिथेच, तेवढ्याच अक्षरात. आधी काय लिहिलं, त्यात काय चुकलं, खरं काय आहे, आणि काकांची माफी. पण पाणी गढूळ येत होतं हे तर खरंच होतं! मग ती काकांनाच घेऊन पाइपलाइन बघत गेली. गटाराजवळ एका सांध्यातून गळती होती. दिवसभर पाणी बंद असलं की घाण तिथून आत जात होती. हीच खरी बातमी होती, आणि ती सांगायला काकाच सगळ्यात जास्त उत्सुक होते. महिनाभरात तो पाइप बदलला. बातमीमुळे बदलला की ग्रामपंचायतीचं आधीच ठरलं होतं, हे आम्हाला कळलं नाही. म्हणून "आमच्या बातमीचा दणका" असं तिने लिहिलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, ही पोरगी पत्रकार होईल.

घरी करायचा अभ्यास

आता प्रत्यक्ष काय करायचं ते क्रमाने बघू.

1. एक बातमी, दोन ठिकाणी. रोज अख्खा पेपर वाचायची गरज नाही. एक बातमी निवडायची आणि ती दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वाचायची. दोन पेपर घरी येत नसतील तर गावातलं वाचनालय आहे, किंवा मोबाइलवर वाचता येतं. वहीत तीन रकाने आखायचे : दोघांनी सांगितलेलं, एकानेच सांगितलेलं, आणि कुणीच न सांगितलेलं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात उपयोगाचा. सोबत आकाशवाणीचं एक बातमीपत्र ऐकावं. कमी वेळात, कमी शब्दांत किती मावतं ते कळतं.

2. बातमी आणि मत वेगळं करणं. एका बातमीतल्या वाक्यांखाली दोन रंगांनी रेघा ओढायच्या. तपासता येईल अशा वाक्याखाली निळी, लिहिणाऱ्याचं मत असलेल्या वाक्याखाली लाल. "सभेला 200 लोक होते" ही निळी. "सभेला प्रचंड प्रतिसाद मिळाला" ही लाल. अग्रलेखात लाल रेघा असायलाच हव्यात, ते त्यांचं काम आहे. बातमीत त्या किती आहेत, ते मुलांना मोजू द्या.

3. खिशातली वही. छोटी, दहा-पंधरा रुपयांची. तारीख, वेळ, जागा आधी लिहायची. मग डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं लिहायचं. ऐकलेल्यापुढे कुणाकडून ऐकलं ते लिहायचं. माणसाचं बोलणं शब्दशः टिपलं असेल तरच अवतरणचिन्हं द्यायची. आपल्या शब्दांत लिहून त्याला अवतरणचिन्हं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणं, हे मुलांना लवकर समजायला हवं.

4. सहा प्रश्न, आणि सातवा. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहा आपण शिकवतोच. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या दोन वाक्यांत आणि कमी महत्त्वाचं शेवटी, हेही शिकवतो. जागा कमी पडली तर संपादक शेवटून कापतो, म्हणून ही पद्धत. पण मी सातवा प्रश्न जोडतो : "मग पुढे काय झालं?"

उदाहरण घ्या. शाळेत वृक्षारोपण झालं. नेहमीची बातमी आपल्याला तोंडपाठ आहे. आता मुलाला विचारायला लावा. रोपं किती? कोणती? पाणी कोण घालणार? उन्हाळ्यात कोण घालणार? आणि गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली? समजा मुलाने मैदानावर फिरून मोजलं आणि गेल्या वर्षीच्या 40 पैकी 11 रोपं जिवंत सापडली. तर बातमीचं पहिलं वाक्य बदलतं : "गेल्या वर्षी लावलेल्या 40 रोपांपैकी 11 जगली असताना शाळेने यंदा आणखी 50 रोपं लावली." यात कुणावर टीका नाही, ओरड नाही, फक्त मोजणी आहे. आणि हो, अशी बातमी शाळेच्या फळ्यावर लावायची तयारी आधी आपण शिक्षकांनी ठेवायला हवी! मला ती ठेवायला वेळ लागला.

5. आकड्यांशी मैत्री. "गणित जमत नाही म्हणून पत्रकार होतो" असं म्हणणारी मुलं भेटतात. त्यांना हे गणित घाला. शाळेचा निकाल 60 टक्क्यांवरून 75 टक्के झाला, तर वाढ किती? बहुतेक जण 15 टक्के म्हणतात. टक्केवारी 15 अंकांनी वर गेली हे बरोबर, पण आधीच्या निकालाच्या तुलनेत वाढ 25 टक्के आहे. दोन्ही आकडे खरे, अर्थ वेगळे. कुठला आकडा कशाचा, हे लिहिलं नाही तर वाचणारा फसतो. तसंच पावसाचं. 'धो धो पाऊस' हे आपलं बोलणं झालं. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच त्याला जोरदार म्हणतं. आणि एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एवढं कळलं की मूल घराच्या पत्र्यावर किती पाणी पडलं ते स्वतः काढतं.

6. मुलाखत. सुरुवात आजी-आजोबांपासून करावी. "तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलं की "छान होतं" एवढंच उत्तर येतं. "तुम्ही शाळेत कशा जायच्या? पायात काय असायचं? शाळा कुठल्या इयत्तेत सुटली, का सुटली?" असं विचारलं की आजी बोलू लागते. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येईल तो प्रश्न बदलायचा. आजी गप्प झाली तर घाईने दुसरा प्रश्न टाकायचा नाही, थोडं थांबायचं. महत्त्वाचं बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारायचं. घरची माणसं झाली की मग किराणा दुकानदार, टेलर, आशाताई, भाजीवाल्या मावशी.

7. कागद वाचायला शिकणं. गावात ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास. मूल मतदार नसतं, पण सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून आई-वडिलांसोबत मागे बसून ऐकू शकतं. कोण बोललं, कोण बोललंच नाही, ठराव कुठला झाला, हे टिपून घ्यायचं. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 चा आहे. अर्जाची फी 10 रुपये, आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलाने प्रश्न तयार करावा, अर्ज पालकांनी आपल्या नावाने करावा. पण त्याआधी एक करायचं. याच कायद्याच्या कलम 4 नुसार बरीच माहिती कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची असते. ती फलकावर, संकेतस्थळावर आहे का, हे आधी बघायचं. आमच्या टाकीवरची तारीख तशीच तर होती. लिहिलेलीच होती, कुणी मागे जाऊन बघितलं नव्हतं.

8. मोबाइलवर आलेलं तपासणं. घरच्या ग्रुपवर आलेला एक फोटो आठवड्यातून एकदा तपासायला द्या. गूगल लेन्सवर तो फोटो टाकला की तो आधी कुठे, कधी आला होता ते बऱ्याचदा सापडतं. जुन्या पुराचा फोटो 'कालचा' म्हणून फिरतो, हे मुलाने स्वतः शोधून काढलं की पुन्हा ते डोळे झाकून काही पुढे पाठवत नाही. फक्त काकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटं पाडू नये, वेगळा मेसेज करावा. हाही पत्रकारितेचाच संस्कार.

9. भाषा आणि टायपिंग. रोज दहा ओळी लिहायच्या, मग त्यातले नको ते शब्द काढून सात ओळी करायच्या. मराठी युनिकोडमध्ये टाइप करायला शिकावं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड एकदा बोटांत बसला की आयुष्यभर उपयोगी पडतो. शासनमान्य मराठी टायपिंगची मिनिटाला 30 शब्दांची परीक्षाही आहे. हिंदी-इंग्रजीही वाचत राहावं, कारण कागदपत्रं कुठल्याही भाषेत हातात पडतात.

हे मात्र जपून

मुलं उत्साहात असतात, त्यामुळे काही नियम आपणच घालून द्यायला हवेत. अपघात, भांडण, मोर्चा अशा ठिकाणी मुलांना एकटं पाठवायचं नाही. कुणाच्या दुःखाचा फोटो न विचारता काढायचा नाही. आणि अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या मुलांचं नाव, फोटो, शाळा, पत्ता असं ओळख पटेल असं काहीही कुठेही लिहायचं नाही. बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 ने आणि पोक्सो कायद्याच्या कलम 23 ने त्याला मनाई आहे. हे मुलांना भीती घालून सांगू नका, कारण समजावून सांगा. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचं म्हणणं छापण्याआधी घ्यायचं, हा नियम तर शाळेच्या फळ्यालाही लागू.

पालकांसाठी

"पोट भरतं का?" हा प्रश्न मी आता टाळत नाही. या व्यवसायात सुरुवातीचा पगार बऱ्याचदा कमी असतो, कामाच्या वेळा विचित्र असतात, सगळ्यांनाच यश मिळत नाही. मुलाला हे खरं सांगा. पण नीट विचारणं, ऐकणं, तपासणं आणि थोडक्यात लिहिणं ज्याला येतं, तो वकिली, प्रशासन, संशोधन, शिक्षण कुठेही गेला तरी ते वाया जात नाही. आणि आपलं मूल जेवताना "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असं विचारू लागलं, तर त्याला उद्धट म्हणू नका.

साइडबद्दल बोलायचं तर बारावी कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेतून झाली तरी दार बंद होत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएएमएमसी ही तीन वर्षांची पदवी आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. पदवीनंतर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचे नियम बदलतात, ते त्या-त्या वर्षी त्यांच्या संकेतस्थळावरच बघावेत. मधल्या काळात पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेलं 'पारी' हे संकेतस्थळ मुलांना दाखवा. खेड्यापाड्यातल्या माणसांच्या गोष्टी तिथे मराठीतही वाचता येतात, आणि विद्यार्थ्यांनी केलेलं कामही तिथे प्रसिद्ध झालेलं आहे.

तीन महिन्यांचा आराखडा

पहिला महिना : रोज एक बातमी दोन ठिकाणी, दोन रंगांच्या रेघा, खिशातली वही.
दुसरा महिना : आठवड्याला एक मुलाखत, एक फोटो तपासणं, टायपिंगची सुरुवात.
तिसरा महिना : गावातला किंवा वॉर्डातला एकच विषय. पाणी, एसटीचं वेळापत्रक, वाचनालय, कचरा, काहीही. त्यावर किमान तीन माणसांशी बोलणं, एक कागद बघणं, एकदा जागेवर जाणं, आणि शेवटी 300 शब्दांची बातमी.

ती बातमी तुमच्या हातात आली की लाल पेन लगेच उचलू नका. आधी तीन प्रश्न विचारा : तू स्वतः बघितलंस का? हे तुला कुणी सांगितलं, आणि त्यांना कुणी? ज्यांच्याबद्दल लिहिलंयस, त्यांना विचारलंस का? वेलांट्या नंतर बघू.

आणि आजपासूनच सुरुवात करायची असेल तर सोपं काम सांगतो. येत्या रविवारी मुलाला घेऊन तुमच्या गावातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जा. पुढून नका बघू, मागे जाऊन बघा. तारीख लिहिली आहे का, कुठली आहे, ते वहीत टिपून आणा.